तीनच्या खेळातली अडीच मिनिटं

सिनेमा चालू असताना बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. बाहेर कितीही बोला, माझी ना नाही. मी स्वतः बोलायला लागले की माझी नणंद कानात बोटं घालते. पण दिवे गेल्यावर जो तोंड उघडतो तो माझा वैरी. बावीस वर्षं एकाच थिएटरात दारावर आहे. तिकीट बघायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची आणि उरलेले दोन-अडीच तास भिंतीला पाठ लावून लोकांकडे बघत उभं राहायचं. पडद्याकडे नाही, लोकांकडे. बावीस वर्षांत मी एक सिनेमा धड पाहिलेला नाही, पण सगळे ऐकलेत, आणि त्यांच्यावर लोक काय काय बोलले तेही.

गप्प करायची माझी एक पद्धत आहे. बॅटरी तोंडावर कधी मारायची नाही. तोंडावर उजेड पडला की माणूस भांडायला उठतो. पायांवर मारायची. चपला उजेडात आल्या की कसं कोण जाणे, तोंड बंद होतं. नाहीच झालं तर दुसऱ्यांदा गुडघ्यांवर. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन खुर्चीला खेटून उभी राहते. फोन कानाला लावून 'मी सिनेमात आहे, नंतर बोलतो' असं अख्ख्या सभागृहाला कळवणारे, पुढं काय होणार ते बायकोला आधीच सांगून स्वतःची हुशारी दाखवणारे, चिवड्याच्या पिशवीशी कुस्ती खेळणारे, सगळे या तीन पायऱ्यांत सरळ होतात.

एकच माणूस मला पुरून उरला. कंडक्टर. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला, पासष्टी उलटलेला, दर बुधवारी तीनच्या खेळाला सातव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसणारा. तीस वर्षं भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवलेला माणूस, तो काय हळू बोलणार? आणि हा शेजाऱ्याशी नाही, थेट पडद्याशी बोलतो. नायक अंधाऱ्या जिन्यावर चढायला लागला की हा म्हणणार, "दिवा लाव आधी." नायिकेनं पत्र न वाचता फाडलं की, "वाचलं असतंस तर काय बिघडलं असतं?" लोक हसतात, त्याला तेवढंच बळ मिळतं. पायांवर बॅटरी मारली की पाय आत घेतो आणि बोलणं चालू ठेवतो. शेजारी जाऊन उभी राहिले तर मलाच म्हणतो, "बसा ना बाई, रिकामीच आहे." दोनदा बाहेर काढला. पुढच्या बुधवारी तिकीट हातात धरून हजर. जित्याची खोड, दुसरं काय.

आता माझ्या लेकीचं सांगते. मी आवाज बंद करण्याचा पगार घेते आणि ती आवाज करण्याचा. सिनेमात माणसांचं बोलणं आणि गाणी सोडून जे जे ऐकू येतं, दार, पावलं, पाणी, लांबून जाणारी गाडी, ते ती गोळा करते आणि जिथल्या तिथं बसवते. सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर यंदा पहिल्यांदा एक अख्खा सिनेमा तिच्या हातात आला. त्यासाठी तिनं आमच्या स्वयंपाकघरात तीन दिवस माइक लावून ठेवला होता. घड्याळ बंद, मिक्सर बंद, मी शेजारणीकडे. फ्रीजपुढं माइक धरून बसलेली बघून मी म्हटलं होतं की याला काम म्हणतात होय. तिनं हातानंच मला गप्प राहायला सांगितलं. कुणाकडून शिकली ते वेगळं सांगायला नको.

त्या सिनेमात अडीच मिनिटांची एक जागा आहे, लेकीनंच दिग्दर्शकाला सुचवलेली. एक बाई घरी येते आणि स्वयंपाकघरात बसते. संवाद नाही, संगीत नाही. लेकीनं मला एवढंच सांगितलं आणि मीही जास्त विचारलं नाही. निर्मात्यांना ती जागा सलत होती. त्यांचं म्हणणं असं की पडदा गप्प झाला की लोक बोलायला लागतात, आणि एकदा बोलायला लागले की सिनेमा हातातून गेला. त्यांनी तिथं टाकायला एक गाणंही करवून ठेवलं होतं. दिग्दर्शक पोरगा बिचारा दोघांच्या मधे लोंबकळत होता. लेक मात्र हटून बसली. शेवटी ठरलं असं की सिनेमा बाहेर पडण्याआधी एक खेळ साध्या लोकांसमोर लावायचा. पाहुणे नाहीत, ओळखीचे नाहीत. त्या अडीच मिनिटांत लोक गप्प राहिले तर जागा तशीच राहील. कुणी बोललं तर गाणं.

आणि त्यासाठी निर्मात्यांनी निवडलं आमचं थिएटर, बुधवार, तीनचा खेळ. माणूस कच्च्या गुरूचा चेला नव्हता. बुधवारी दुपारी आमच्याकडे कोण येतं? घरी करमत नाही म्हणून येणारे पेन्शनर, तासाला दांडी मारलेली कॉलेजची पोरं, ड्यूटी संपवून गारव्याला टेकायला आलेल्या नर्सेस. जगातलं सगळ्यात बोलकं पब्लिक.

लेकीनं मला घरी जेवताना सांगितलं, की गाणं बसलं तर ती त्या सिनेमावरून स्वतःचं नाव काढून घेणार. सहा वर्षं ज्या नावासाठी घासली, ते नाव. मी म्हटलं, तू काळजीच करू नकोस, त्या अडीच मिनिटांत कुणी शिंकलं तरी माझ्याशी गाठ आहे.

तिनं ताट बाजूला केलं.

"आई, तू काहीही करायचं नाहीस. तू गप्प केलेले लोक मला नकोत. उद्या शंभर थिएटरांत सिनेमा लागला तर शंभर ठिकाणी तुला कुठून उभी करू? आपणहून गप्प बसले तर बसले. दिवे गेले की बॅटरी माझ्याकडे द्यायची आणि भिंत सोडायची नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. देताना जिवावर आलं, पण दिला. आणि मी दिलेला शब्द मोडत नाही. मात्र दिवे जायच्या आधीचं मी काही कबूल केलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी मी वाट वाकडी करून बसथांब्यामागच्या बाकावर गेले. कंडक्टर तिथं आपल्या तीन दोस्तांबरोबर बसतो. इकडचं तिकडचं बोलून, ताकास तूर लागू न देता मी म्हटलं की उद्या येऊ नका, तीनचा खेळ हाऊसफुल्ल आहे. तो नुसतं "असं होय" म्हणाला. मी खूश होऊन घरी आले. अक्कल कुठं गहाण ठेवली होती देव जाणे. आमच्या थिएटरात बुधवारी दुपारी तिकीट खिडकीवरचा माणूस डुलक्या काढतो, हे त्या बाकावरच्या चौघांइतकं कुणाला माहीत नसेल. बुधवारी तीनला हाऊसफुल्ल म्हणजे आत नक्की काहीतरी जबरदस्त आहे, असं त्यांनी धरलं. पावणेतीनला कंडक्टर दारात उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे तिघं दोस्त, त्यांचेही शर्ट इस्त्रीचे. एरवी एक बोलणारा यायचा, तो मी चार करून आणला. आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

लेक शेजारीच उभी होती. कंडक्टरनं तिच्यासमोरच मला सांगितलं, "बाई, तुम्ही हाऊसफुल्ल म्हणालात म्हणून लवकर आलो, जागा मिळेल ना?" लेकीनं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दिवे जायचीही वाट पाहिली नाही, हात पुढं केला आणि बॅटरी काढून घेतली.

खेळ सुरू झाला. साठेक लोक होते. निर्माते शेवटच्या रांगेत कडेला बसले होते, मनगटावर उजेड पडणारं घड्याळ. लेक पलीकडच्या दाराशी. मी माझ्या भिंतीला. पहिला तासभर मी जो काढला तो माझा मलाच माहीत. दुसऱ्या रांगेत एक पोरगी मैत्रिणीला फोनवर आलेले निरोप वाचून दाखवत होती. कुणीतरी वेफर्सचं पुडकं दातांनी फोडलं. कंडक्टर बोलायचा आणि त्याचे दोस्त त्याला उत्तरं द्यायचे. पडद्यावरचा जावई सासऱ्याशी खोटं बोलला तेव्हा त्या चौघांत चांगली बैठकच भरली. माझा हात दर दोन मिनिटांनी कमरेशी जायचा आणि रिकामा परत यायचा. निर्माते खुर्चीत मागं रेलून निवांत बसले होते. मला तिथूनच कळत होतं की त्यांचं गाणं बसल्यात जमा आहे. तरी मी भिंत सोडली नाही. पायाची बोटं चपलेत आवळून धरली आणि उभी राहिले.

मध्यंतरानंतर ती जागा आली.

पडद्यावर दाराचं कुलूप उघडलं. पन्नाशीची एक बाई आत आली. हातात दवाखान्याची पिशवी, तिच्यातून थर्मासचं झाकण आणि टॉवेलचं टोक वर आलेलं. दिवा न लावता ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर. संगीत नाही. कुठंतरी वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली. आणि मग फ्रीज.

तो मी ओळखला. आमचा फ्रीज बंद होताना दोनदा हिसका देतो आणि त्याच्यावरच्या रिकाम्या बरण्या एकमेकींना लागतात. पंधरा वर्षं ऐकतेय. माझी मान आपोआप पडद्याकडे वळली.

ती बाई पिशवीचे दोन्ही बंद मुठीत धरून बसली होती. असं किती वेळ बसता येतं ते मला ठाऊक आहे. आठ वर्षांपूर्वी हे गेले त्या दिवशी मी सकाळी अकराच्या सुमाराला दवाखान्यातून घरी आले, पिशवी घेऊन स्वयंपाकघरात अशीच बसले. पुढचं सगळं दीर बघत होते, मला त्यांनी कपडे बदलायला धाडलं होतं. तेव्हा मला कुणी पाहिलं नाही अशी माझी समजूत होती. आणि आता साठ लोकांसमोर मीच त्या स्टुलावर बसले होते. लोक गप्प आहेत की बोलतायत, मला काही कळेना. खरं सांगते, बावीस वर्षांत पहिल्यांदा मी लोकांना विसरले.

मग सातव्या रांगेतून आवाज आला. नेहमीचा नव्हे. गाडीत एखादी थकलेली बाई चढली की तिला घाबरवायचं नाही म्हणून कंडक्टर लोक खालच्या पट्टीत बोलतात, तो.

"पिशवी खाली ठेव, बाई. आलीस घरी."

मी हलले नाही. कुणी हसलं नाही, कुणी शुक्‌ केलं नाही. पडद्यावरची बाई आणखी बराच वेळ तशीच बसून राहिली आणि मग तिनं पिशवी खाली ठेवली. आतला थर्मास फरशीला लागला, त्याचा लहानसा आवाज अख्ख्या थिएटरात ऐकू आला.

खेळ संपल्यावर बाहेरच्या जिन्यापाशी निर्मात्यांनी लेकीला गाठलं. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. एक मिनिट पन्नास सेकंदांनी एक जण बोलला, सगळ्यांनी ऐकलं, अट ती अट, असं त्यांनी घड्याळावर बोट ठेवून सांगितलं. लेक पांढरीफटक पडली होती. ती "ठीक आहे" म्हणाली आणि खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा नीट करत बसली. एवढी हटवादी पोर, पण दिलेला शब्द पाळायचा म्हटल्यावर भांडेना. मी मात्र त्यांना कसलाही शब्द दिला नव्हता. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. त्यांना खाली जायचं तर मला ओलांडून जावं लागणार होतं.

"साहेब, तुमच्याकडे घड्याळ आहे, माझ्याकडे बावीस वर्षं आहेत," मी म्हटलं. "कंटाळलेला माणूस शेजारच्याशी बोलतो. हा त्या बाईशी बोलला. आणि एरवी हा बोलला की निम्मे लोक हसतात, निम्मे चिडतात. आज कुणी काही केलं? पिशवी टेकल्याचा आवाज तुम्हाला शेवटच्या रांगेत आला ना? साठ लोक गप्प असल्याशिवाय येतो का तो?"

ते म्हणाले की तुम्ही आई आहात, तुम्ही असंच बोलणार. ते काही खोटं नव्हतं. मी म्हटलं, मग मला विचारू नका, त्यालाच विचारा. तो निघालाच होता, दोस्तांबरोबर, जावई कसा चुकला ते बोलत. निर्मात्यांनी त्याला थांबवून अदबीनं विचारलं की ती बाई स्वयंपाकघरात बसते तिथं तुम्ही बोललात, तर तिथं कंटाळा आला का.

कंडक्टरनं आधी दोस्तांकडे बघितलं, मग निर्मात्यांकडे. त्याला ते लागलं होतं.

"मी? तिथं मी बोललोच नाही," तो म्हणाला. "मला सगळे बडबड्या म्हणतात, म्हणोत. पण एवढी अक्कल आहे मला. माणूस दवाखान्यातून एकटं घरी आलंय, तिथं कुणी तोंड उघडतं का?"

निर्मात्यांनी दोस्तांना विचारलं. तिघांनीही सांगितलं की छे, तिथं हा गप्प होता, आम्ही सगळेच गप्प होतो. एक तर शपथ घ्यायला निघाला. खोटं बोलत नव्हते ते. खोटं बोलणाऱ्यांचे चेहरे मी रोज तिकिटं तपासताना बघते. मग कंडक्टर माझ्याकडे वळला. माझ्याकडे, जिनं त्याला दोनदा बाहेर काढलं आणि काल तोंडावर थाप मारली.

"बाई, तुमचा तर माझ्यावर डोळाच असतो. तुम्ही सांगा. बोललो मी तिथं?"

"नाही," मी म्हटलं.

निर्माते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्याही कानांनी ऐकलं होतं, माझ्याही. पण त्या चौघांच्या तोंडाकडे बघून त्यांना पुढं काही विचारवेना. त्यांनी बाही खाली ओढून घड्याळ झाकलं. लेकीला म्हणाले की राहू दे, आहे तसं राहू दे, आणि नमस्कार करून माझ्या बाजूनं खाली उतरले.

सहाच्या खेळाला अजून वेळ होता. मी आत जाऊन रांगा बघायला लागले, कुणाचं काही राहिलंय का ते. लेक मागोमाग आली. बॅटरी माझ्या हातात दिली आणि तिथंच उभी राहिली. हाऊसफुल्लवरून बोलणार असं मला वाटलं. त्याआधी मीच विचारलं, सरळ विचारलं.

"त्या दिवशी तू घरी आली होतीस?"

तिनं मान हलवली. एकोणीस वर्षांची होती. काकांचा फोन आल्यावर कॉलेजातून निघाली, दार नुसतं लोटलेलं होतं, आत आली तर मी स्टुलावर. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मला दिसली नाही.

"किती वेळ?"

"अडीच मिनिटं असतील. मग मी परत बाहेर गेले आणि बेल वाजवली."

बेल मला आठवते. पिशवी हातात घेऊनच मी उठले होते आणि तशीच दार उघडायला गेले होते.

आमचं घर दोन खोल्यांचं. हे रात्रपाळीला जायचे, दिवसा झोपायचे. त्यामुळं पोर बोलायला लागल्यापासून मी तिला एकच शिकवलं, हळू, बाबा झोपलेत, गप्प. थिएटरात पायांवर बॅटरी मारायची आणि घरी ओठांवर बोट ठेवायचं. माझा मोठा गर्व होता की माझी पोर किती शहाणी, कधी आवाज म्हणून नाही. त्या दिवशीही ती शहाण्यासारखी दारात गप्प उभी राहिली, आणि मी तिकडं एकटी बसले होते. हे आठ वर्षांनी एका कंडक्टरमुळं कळलं.

"काही बोलली का नाहीस गं?"

"मला तेच म्हणायचं होतं," ती म्हणाली. "ते म्हणाले ना, तेच. पिशवी खाली ठेव. तोंडातून निघालंच नाही."

"मग आत्ता म्हण."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी बॅटरी कमरेला अडकवली, समोरच्या खुर्चीची बैठक खाली केली आणि बसले. बावीस वर्षांत मी त्यातल्या एकाही खुर्चीवर बसले नव्हते. म्हटलं, मला काही घाई नाही, म्हण.

सहाच्या खेळाचे लोक जिन्यावर जमायला लागले होते, त्यांचा गलका दारातून आत येत होता. लेक माझ्या शेजारी बसली आणि तिनं ते म्हटलं. नीट, मोठ्यानं म्हटलं. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असतं.